पान दाखव!

लातूरला डिसेंबर सरता सरता बाजारात हरभऱ्याचे ढाळे येतात. मुळासकट उपटलेली रोपं, जुड्या बांधलेल्या, मुळांना काळी माती तशीच चिकटलेली. अशा चार जुड्या वर्तमानपत्रावर पसरून घरातली तीन माणसं घाटे सोलत बसली होती. सोलणं कमी आणि भांडण जास्त चाललं होतं.

भांडणाचं कारण धाकटी. ती बारावी सायन्सला. तिला रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ मैत्रिणीच्या खोलीवर बायोलॉजीच्या अभ्यासाला जायचं होतं, पाच जणी मिळून. आईबाबांनी निकाल आत्यांवर सोपवला होता, कारण आत्या एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. धाकटीची वकिली करायला तिचा दादा होता. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीवर आलेला, आणि स्वतः अशाच एका खोलीतून पुढे गेलेला.

“ग्रुप स्टडी मला सांगू नकोस,” आत्या म्हणाल्या. “तीन वर्षं वसतिगृह सांभाळलंय मी. दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. पहिली वीस मिनिटं कटऑफ. मग कुणाच्या क्लासची टेस्ट सोपी निघाली ते. मग चहा. मग कुणीतरी म्हणतं, अगं, ते क्रेब्स सायकल एकदा सांग ना. एक जण सांगते, बाकीच्या माना डोलावतात. मान डोलावणारीला वाटतं, आलं आपल्याला. घरी येऊन कोरा कागद समोर घेतला की सायट्रेटच्या पुढं गाडी सरकत नाही.”

“आणि सांगणारीचं काय, आत्या? तिला तरी आलं ना?”

“तिला आधीच येत होतं.”

“नसतं गं येत. सांगायला बसल्यावर कळतं, येतं की नाही ते.”

हे आत्यांना पटलं नाही, पण त्यांनी ते खोडूनही काढलं नाही. एक घाटा दोन बोटांत फोडला आणि म्हणाल्या, “पुढं बोल.”

बारावीच्या मुलांपुढं बायोलॉजीच्या दोन परीक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या सवती आहेत. बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा. प्रात्यक्षिकाचे ३० वेगळे. त्यात लिहावं लागतं, मुद्दे पाडावे लागतात, पेन्सिलनं आकृती काढून नावं द्यावी लागतात. नीटमध्ये एक ओळही लिहायची नसते. १८० प्रश्न, २०२५ पासून त्यांना १८० मिनिटं, एकूण गुण ७२०, आणि त्यातले निम्मे, म्हणजे ३६०, एकट्या बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला उणे एक. बोर्डासाठी बालभारतीचं पंधरा प्रकरणांचं पुस्तक, नीटसाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची दोन. विषय तोच, पण एका पुस्तकात एक शब्द, दुसऱ्यात दुसरा. एकात जे उदाहरण ठळक अक्षरात, ते दुसऱ्यात नाहीच. मुलांचा अर्धा जीव हे जुळवण्यात जातो.

दादाच्या खोलीत हे जुळवायचं काम वाटून घेतलेलं होतं. खोली मेसच्या मागच्या गल्लीत. तीन खाटा, चार पोरं; चौथा खाली गादी टाकायचा. दर आठवड्याला प्रत्येकानं एक प्रकरण दोन्ही पुस्तकांतून वाचायचं आणि फरक तेवढे वहीत उतरवायचे. रविवारी घड्याळ लावून प्रत्येकानं आपापला पेपर सोडवायचा, तीन तास कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची आणि ज्या प्रश्नांवर उत्तरं वेगळी आलीत, तेवढ्यांवरच भांडायचं.

“तेवढ्यांवरच का?” आत्यांनी विचारलं. एकतीस वर्षांची सवय; उत्तर माहीत असलं तरी विचारायचं.

“सगळ्यांवर बोललो तर रात्र पुरत नाही. आणि जिथं मतभेद आहे तिथं दोघांतला एक तरी चुकतोय, हे नक्की.”

“आणि जिथं चौघांचं एकमत आहे तिथं?”

दादा हसला. तिथंच त्यांची फसगत झाली होती आणि आत्यांना ती गोष्ट माहीत नव्हती. त्यानं ती स्वतःहून सांगितली, हे त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण म्हणायचं की वकील कच्चा असल्याचं, हे वाचकांनी ठरवावं.

त्या खोलीत एकाचा आवाज मोठा होता. वाचन दांडगं, बोलणं ठाम. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग त्याच्या वाट्याला आला. ई. कोलाय जिवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवायचे, मग साध्या नायट्रोजनवर आणायचे, ठरावीक वेळानं त्यांचा डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात गरगर फिरवायचा. वीस मिनिटांनी, म्हणजे एका पिढीनंतर, डीएनएचा पट्टा जड आणि हलक्याच्या बरोबर मध्ये येतो. यानं झकास समजावलं आणि जाता जाता सांगून टाकलं, की यातला नायट्रोजन-१५ किरणोत्सारी असतो. चौघांनी लिहून घेतलं. पुढच्या टेस्टमध्ये नेमका तोच प्रश्न, आणि चौघांनीही चुकीचा गोल काळा केला. नायट्रोजन-१५ किरणोत्सारी नसतो, फक्त जड असतो. म्हणून तर तो घनतेवरून वेगळा काढावा लागतो. किरणोत्सारी फॉस्फरस आणि गंधक वापरले होते ते हर्शी आणि चेस यांनी, १९५२ मध्ये. तो प्रयोग त्याच प्रकरणात चार पानं अलीकडं आहे आणि याच्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली होती.

“मिळायचे चार गेले आणि वरून एक कापला. चौघांचे मिळून वीस गुण,” दादा म्हणाला.

आत्यांचा चेहरा खुलला. “बघ! याला म्हणतात साथीचा रोग. रुग्ण एकच होता. तुम्ही शेजारी बसून लागण करून घेतलीत.”

“पण आत्या, तो एकटाच वाचून आला होता. चूक झाली ती एकट्यानं वाचताना. आम्ही नसतो तर ती त्याच्या डोक्यात थेट मे महिन्यापर्यंत राहिली असती.”

“आणि बाकी तिघांच्या डोक्यात शिरली नसती.”

इथं दोघंही बरोबर होते, आणि त्यामुळं दोघंही थोडा वेळ गप्प बसले. धाकटीनं तेवढ्यात चार-पाच घाटे मटकावले.

त्या वीस गुणांनंतर खोलीत एक नवा कायदा आला. कुणीही काहीही सांगितलं की ऐकणाऱ्यानं म्हणायचं, “पान दाखव.” सांगणारा कितीही हुशार असो, पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवल्याशिवाय वाक्य वहीत जायचं नाही. पुढं तो त्या चौघांचा तकियाकलामच झाला. मेसवाल्यानं आमटीत डाळ आहे असं सांगितलं तरी हे म्हणायचे, पान दाखव.

आत्यांना हा कायदा आवडला. आवडला हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दोनदा स्वतःशी पुटपुटल्या, “पान दाखव.”

मुलं मुलांना शिकवतात तेव्हा नक्की काय घडतं, यावर अभ्यास झालेले आहेत, आणि त्यातला एक तर जीवशास्त्राच्याच वर्गातला. कोलोरॅडो विद्यापीठात पदवीच्या जनुकशास्त्राच्या वर्गात मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आधी प्रत्येकानं प्रश्नाचं उत्तर एकट्यानं द्यायचं. मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा त्याच प्रश्नाचं उत्तर. मग, बरोबर काय ते कुणीच न सांगता, त्याच कल्पनेवरचा पण वेगळा प्रश्न, पुन्हा एकट्यानं. पहिल्या फेरीत निम्म्याच्या आसपास उत्तरं बरोबर होती, शेवटच्या फेरीत जवळपास तीन चतुर्थांश. कुणी म्हणेल, हुशार मुलाचं बघून बाकीच्यांनी उत्तर बदललं असेल. पण ज्या गटांत सुरुवातीला एकालाही उत्तर येत नव्हतं, तिथंही सुधारणा दिसली. चार अडाणी एकत्र बसून शहाणे होतात, असा याचा अर्थ काढायचा मोह होतो, तो आवरावा. ते वाद घालत होते, कारणं मागत होते, म्हणून ते घडलं.

दादानं हे कॉलेजातल्या कुठल्याशा सेमिनारमध्ये ऐकलं होतं आणि हुकमाच्या पानासारखं टाकलं.

आत्यांच्या बाजूनंही पुरावा आहे, त्यांना तो नावागावासकट ठाऊक नसला तरी. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं. पण आठवड्यानंतर बाजी मारतात ते, ज्यांनी पुस्तक मिटून आठवून लिहिलं होतं. आत्या एकतीस वर्षं हेच करवून घेत आल्या. लातूर पॅटर्न म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, राजर्षी शाहू महाविद्यालयाशी ज्याचं नाव जोडलं गेलं, त्याचा कणा तोच होता: जादा तास, सतत टेस्ट, उत्तरं तपासून परत. त्यात चमत्कार नव्हता, घाम होता.

“तेच म्हणते मी,” आत्या म्हणाल्या. “कोरा कागद आणि घड्याळ. मैत्रीण कशाला हवी?”

“त्या कोलोरॅडोच्या वर्गातही पहिलं उत्तर एकट्यानंच द्यायचं होतं, आत्या. आमच्या रविवारीही तेच. आधी एकट्यानं, मग सगळ्यांनी. हा क्रम उलटा झाला की तू म्हणतेस तसा मान डोलावण्याचा कार्यक्रम होतो.”

इतका वेळ गप्प असलेली धाकटी आता बोलली. तिचा मुद्दा दोघांच्याही डोक्यात नव्हता.

“आमच्यातली एक औशाकडची आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. दहावीला सायन्समध्ये तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. अकरावीत पहिल्या दिवशी सर मायटोकॉन्ड्रिया, मायटोकॉन्ड्रिया म्हणत होते आणि ती वहीत नुसत्या रेघा ओढत होती. मी म्हटलं, अगं तंतुकणिका. तर माझ्याकडं बघून म्हणाली, एवढंच होय!”

हे एवढंच फार मोठं आहे. दहावीपर्यंत पेशी, गुणसूत्र, जनुक, विकर, संप्रेरक, वृक्क, पर्णरंध्र. अकरावीच्या जूनमध्ये ते सगळं एका रात्रीत सेल, क्रोमोसोम, जीन, एन्झाइम, हॉर्मोन, किडनी, स्टोमाटा होतं. विज्ञान शाखेत अकरावीपासून पुस्तकं इंग्रजी, शिकवणं इंग्रजी, आणि मराठवाड्याच्या गावागावांतून लातूरला येणारी कितीतरी मुलं मराठी माध्यमाची. विषय त्यांना येत असतो, फक्त त्याचं नाव बदललेलं असतं. क्लासमध्ये दीडशे-दोनशे मुलांपुढं हात वर करून “सर, विकर म्हणजेच एन्झाइम का?” असं विचारायची टाप नसते. शेजारच्या मैत्रिणीला विचारता येतं. प्रस्तुत लेखकाच्या मते, मुलांनी मुलांना केलेल्या मदतीतला सगळ्यात सोन्याचा भाग हाच, आणि कुठल्याही गुणपत्रिकेत तो दिसत नाही.

“मग मराठीतून द्यावी की तिनं नीट,” आत्या म्हणाल्या. “२०१७ पासून सोय आहे.”

“सोय आहे, आत्या. पण क्लास इंग्रजीत, टेस्ट सिरीज इंग्रजीत, एनसीईआरटीतली वाक्यं पाठ करायची ती इंग्रजीत. आणि भाषांतरात घोळ निघाला तर इंग्रजी प्रश्नच प्रमाण धरतात. मग पोरं म्हणतात, मरू दे, इंग्रजीच घेऊ.”

“घोळ कसला निघतोय?”

“काल आमचा निघाला ना,” धाकटी म्हणाली. “रविवार म्हणून दुपारी बसलो होतो. प्रश्न रंगांधतेचा. बाईची दृष्टी चांगली, पण तिचे वडील रंगांध. तिचं लग्न चांगल्या दृष्टीच्या माणसाशी झालं. त्यांची किती टक्के मुलं रंगांध निघतील? औशाची म्हणाली पंचवीस. मी म्हटलं पन्नास. चाळीस मिनिटं भांडलो. दोघी पान दाखवायला तयार!”

आत्या सावरून बसल्या. समोरचा ढाळा बाजूला सारला. दोन टपोरे घाटे वेचले, एक पोकळ घाटा शोधला, एक काडी मोडून घेतली.

“भरलेला घाटा म्हणजे चांगला एक्स. पोकळ म्हणजे दोष असलेला. काडी म्हणजे वाय. आता मांड.”

धाकटीनं मांडलं. बाईकडं एक भरलेला, एक पोकळ. पोकळ वडिलांकडून आलेला, कारण वडील रंगांध आणि वडिलांचा एकच एक्स मुलीला मिळतो. नवऱ्याकडं एक भरलेला घाटा आणि एक काडी. मग आणखी घाटे घेऊन वर्तमानपत्राच्या चार घड्यांवर चार ढीग झाले. भरलेला-भरलेला: मुलगी, ठणठणीत. पोकळ-भरलेला: मुलगी, दृष्टी चांगली, पण वाहक. भरलेला-काडी: मुलगा, चांगला. पोकळ-काडी: मुलगा, रंगांध.

“चारांत एक. पंचवीस टक्के,” दादा म्हणाला.

“दोन मुलग्यांत एक. पन्नास टक्के,” धाकटी म्हणाली.

“प्रश्नात मूळ शब्द काय होता?” आत्यांनी विचारलं. “चिल्ड्रन की सन्स?”

धाकटीनं मोबाइलवर काढलेला फोटो बघितला. “सन्स.”

“मग तू बरोबर. पण तीही चुकली नाही. तुम्ही प्रश्न एकमेकींना मराठीत सांगितलात, आणि मराठीत ‘मुलं’ म्हणजे पोरगेही आणि पोरंबाळंही. ती सगळी अपत्यं मोजत होती, तू नुसते मुलगे.” आत्या आता शिक्षिकेच्या आवाजात आल्या होत्या. “हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सुचलंच नाही. मला कुणी असं चुकून दाखवलंच नव्हतं.”

दादानं बोलता बोलता निरोगी मुलाचा एक्स सोलून तोंडात टाकला होता. आत्यांनी त्याच्या हातावर चापट मारली.

ही हारजीत नव्हती, पण दादाला ती जीतच वाटली आणि त्यानं घाईनं पुढचा मुद्दा काढला. मदत केली तर आपला नंबर मागं जाईल, ही पालकांची भीती. आत्यांनी ती मांडलीही नव्हती. हिशेब असा, की २०२४ मध्ये तेवीस लाखांवर मुलं नीटला बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखापेक्षा थोड्या जास्त. तेवीस लाखांत खोलीतल्या चार मैत्रिणींनी काय फरक पडणार?

“राज्याच्या पंच्याऐंशी टक्के जागा वेगळ्या मोजतात,” आत्या म्हणाल्या.

“तरी हजारोंत चार.”

“त्याच वर्षी ७२० पैकी ७२० गुण घेणारे पहिल्या निकालात ६७ होते. एका गुणावर किती माणसं बसलेली असतात, ते बघ.”

“म्हणून तर एकेक चूक पकडणारं कुणीतरी हवं.”

आत्यांनी हा विषय हातानंच झटकला. त्यांची खरी तक्रार वेगळी होती आणि ती इतका वेळ पोटात होती.

“मला एक सांग. तुमच्या त्या ठाम आवाजाच्या पोरानं किरणोत्सारी म्हटलं, तेव्हा तुमचे सर कुठं होते? या पाच पोरींना ‘मुलं’ शब्दाचा घोळ चाळीस मिनिटं उलगडला नाही, त्यांचं कॉलेज कुठं होतं? मी सांगते. पोरींचं नाव एका कॉलेजात, शिकवणी दुसरीकडं, कॉलेजात तोंड दाखवायचं ते प्रात्यक्षिकाला. कॉलेजात शिकवणारी पोरं तासिका तत्त्वावर. तासाला मोजून पैसे, शंका विचारायला थांबायचे पैसे नाहीत. क्लासमध्ये दोनशेंचा वर्ग. मग मुलं मुलांना शिकवतात, आणि आपण म्हणतो, वा, काय सहकार्य! अरे, ते सहकार्य नाही, पोकळी आहे ती. शिक्षकाची जागा मोकळी पडलीय आणि पोरं ती भरतायत.”

हा आरोप जुना आहे, आणि गंमत म्हणजे ज्या पद्धतीवर तो झाला, तिची सुरुवात आपल्याच देशात झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोरच्या मुलांच्या अनाथालयाचा कारभार बघत होता. शिक्षक कमी, आणि होते त्यांना त्याची नवी पद्धत नको होती. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवत असलेली त्यानं पाहिली आणि आपल्याकडं एका मोठ्या मुलाला धाकट्यांच्या वर्गावर बसवून तेच सुरू केलं. १७९७ मध्ये त्यानं लंडनला त्याची पुस्तिका छापली. पुढं ही मद्रास पद्धत इंग्लंडात हजारो गरीब मुलांच्या शाळांत गेली. जोसेफ लँकेस्टरनं लंडनमध्ये तिचीच भावंड म्हणावी अशी पद्धत चालवली. एक मास्तर, शेकडो मुलं, मधे मॉनिटरांची फळी. वर्गातला ‘मॉनिटर’ हा शब्द आपल्याकडं आजही आहे. फक्त आता तो फळा पुसतो आणि गोंगाट करणाऱ्यांची नावं लिहितो. त्या पद्धतीचं कौतुक झालं ते मुख्यतः ती स्वस्त होती म्हणून.

आत्यांचा आरोप ऐकून दादा पहिल्यांदाच मागं सरकला. “हे खरंय, आत्या. आमच्या खोलीला एक सर मिळाले असते, आठवड्यातून तासभर, तर ते वीस गुण गेले नसते.”

“मग?”

“मग काही नाही. सर मिळत नाहीत म्हणून खोलीही बंद करायची का?”

आत्यांनी उत्तर दिलं नाही. वर्तमानपत्रावर ढाळ्यांची मुळं उघडी पडली होती, त्यातलं एक रोप उचललं. मुळांवर मसुराएवढ्या गाठी होत्या. अंगठ्याच्या नखानं एक गाठ चिरली. आतून हिरवट, मरगळलेली. दुसरी चिरली, आत फिकट गुलाबी.

“हे कशामुळं?” त्यांनी धाकटीला विचारलं.

“लेगहिमोग्लोबिन. गाठीत रायझोबियम असतात, ते हवेतला नायट्रोजन पकडतात. त्यांच्या एन्झाइमला जास्त ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ते रंगद्रव्य ऑक्सिजन बेतानं पोचवतं. सातवं प्रकरण.”

“आणि हिरवी?”

धाकटी थांबली. “हे पुस्तकात नाही.”

“शेंगा भरल्या की झाड आपली साखर दाण्यांकडं वळवतं. गाठीचं काम आटोपत येतं. गुलाबी जाऊन हिरवट होते.” आत्या दोन्ही गाठी तळहातावर घेऊन बसल्या. “परस्पर साहाय्य म्हणून आम्ही हे वर्गात शिकवायचो. झाड साखर देतं, जिवाणू नायट्रोजन देतात, सगळं गोडीगुलाबीत. पण तसं गोडीगुलाबीत नसतं बरं का.”

दादाला पुढचं माहीत होतं. २००३ मध्ये टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी हे सोयाबीनवर तपासून ‘नेचर’मध्ये छापलं. सोयाबीन म्हणजे लातूरच्या बाजार समितीचा जीव. लातूरकरांनी तरी हा प्रयोग लक्षात ठेवायला हरकत नाही. किअर्स आणि सहकाऱ्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथं आर्गॉन भरला. जिवाणू तेच, गाठ तीच, फक्त आता त्यांना नायट्रोजन पकडता येईना. म्हणजे झाडाच्या नजरेतून ते फुकटे झाले. झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन आखडता घेतला, आणि तिथल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. झाड हिशेब ठेवतं.

“तुमच्या पाच जणींत फुकटी कोण आहे?” आत्यांनी विचारलं.

धाकटीनं दादाकडं बघितलं. “एक आहे. पेपर सोडवून येत नाही. आमची उत्तरं बघते आणि वहीत उतरवते. जर्नलही माझंच उतरवलं तिनं. कांद्याच्या मुळाची स्लाइड तिनं बघितलीच नाही, माझ्या आकृतीवरून काढली. मी चुकून ॲनाफेजला मेटाफेज लिहिलं होतं, तिच्याकडंही तसंच आलं.”

“म्हणजे तिला मदत केली म्हणतेस तू?”

“नाही म्हणता येत नाही, आत्या. खोली तिची आहे.”

दादा मोठ्यानं हसला. आत्याही हसल्या, पण हिशेब सोडला नाही. सोडवलेला पेपर हातात नसेल त्या दिवशी कुणीच जायचं नाही, खोलीच्या मालकिणीनंही त्या दिवशी फक्त चहा करायचा, हे त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. बोर्डाच्या चार गुणांच्या प्रश्नांची उत्तरं आठवड्याला प्रत्येकीनं दोन लिहायची आणि शनिवारी त्या वह्या इकडं यायच्या, हेही. लाल पेन अजून आहे म्हणाल्या.

“आणि वेळ?” धाकटीनं विचारलं.

“नऊ.”

“साडेनऊ म्हटलं होतं मी.”

“पहिली वीस मिनिटं कटऑफची असतात, मला माहितीय. ती वजा केली.”

धाकटीनं गाठीवालं एक रोप झटकलं, माती वर्तमानपत्रावर पाडली, मुळाकडचा भाग तेवढा तोडून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. औशाच्या मैत्रिणीच्या वडिलांनी यंदा हरभराच पेरलाय, असं ती म्हणाली. तिला बहुधा हे आधीच माहीत असेल, फक्त लेगहिमोग्लोबिन हा शब्द माहीत नसेल. जिन्यावरून खाली जाताना ती पुन्हा वर डोकावली.

“आत्या, हिरव्या गाठीचं पुस्तकात नाही ना? मग त्या पान दाखव म्हणाल्या तर?”

आत्यांनी अर्धा सोललेला ढाळा खाली ठेवला आणि कपाटाकडं बघितलं. सगळ्यात वरच्या कप्प्यात त्यांची एम.एस्सी.ची पुस्तकं होती, तेरा वर्षं कुणी काढली नव्हती. “स्टूल आण रे,” त्या भाच्याला म्हणाल्या.